पागेतलं तळघर

नानांचं घर बघायला अजून लोक येतात. नाशिकहून येतात, पुण्याहून येतात, एकदा तर आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलींची बसच गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. नाना जाऊन दुसरा उन्हाळा लागला. त्यांचा मुलगा परगावी असतो, म्हणून किल्ली माझ्याकडे. घर त्यांचं, कौतुक त्यांचं, आणि भर उन्हात चपला सरकवून दार उघडायला जायचं मी. कुणी दगडी गव्हाणीवरून हात फिरवत 'काय सुंदर ठेवलंय' म्हटलं की आजही माझ्या पोटात दुखतं. माणूस गेला की त्याचा हेवाही संपत असेल, अशी माझी समजूत होती. माझ्या बाबतीत तसं झालेलं नाही.

आमची पागा गल्ली धुळ्याच्या जुन्या भागात आहे. कापसाच्या एका शेठजींनी घोडे आणि बग्ग्या ठेवायला इथं ओळीनं आठ पागा बांधल्या होत्या. खाली दगडी तबेला, बग्गी आत शिरेल एवढी कमान, आणि वर घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला राहायला लाकडी खोली. पुढे शेठजींचं सगळं बसलं, घोडे गेले, पागा एकेक करून लोकांकडे आल्या. माझे आजोबा शेठजींचे मुनीम, त्यामुळे पहिली पागा आमची. मी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालो आणि ती पाडून गल्लीतलं पहिलं स्लॅबचं घर बांधलं. ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचं रेलिंग, दर्शनी भागाला टाइल्स. त्यानंतर कितीतरी वर्षं गल्लीत कुणाला खिडकी जरी बसवायची असली तरी आधी सरांना विचारायची पद्धत होती. सर म्हणजे मी.

मग शेजारची पडकी पागा नानांनी विकत घेतली.

नाना दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी बॉयलरच्या विभागात, फिटर म्हणून. बुटकी मूर्ती, शर्टाच्या खिशात खडू, आणि यंत्रांच्या आवाजानं डावा कान निकामी झालेला. तरी त्यांची पहिली सवय ऐकण्याचीच. कुणाच्याही घरात शिरले की उजवा कान भिंतीला लावायचे, बोटाच्या पेरानं दोन ठिकाणी टकटक करायचे आणि मगच नमस्कार. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी तेच केलं. चहा संपवून म्हणाले, "सर, घर छान आहे. ही भिंत फक्त जरा दमलेली वाटते."

माझी बायको सुलभा हसली. मी हसलो नाही. नानांच्या बाजूच्या त्या भिंतीला दर उन्हाळ्यात भेगा पडायच्या आणि पावसाळ्यात मिटायच्या. त्या दिसू नयेत म्हणून मी तिथं तीन कॅलेंडरं टांगली होती. हे त्यांना सांगायला कुणी गेलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला खुपायची. नाना गल्लीत सगळ्यांशी अहिराणीत बोलायचे, दूधवाल्याशी, रिक्षावाल्याशी, समोरच्या शेवंताअक्काशी. माझ्याशी मात्र शुद्ध मराठीत, कचेरीत साहेबाशी बोलावं तसं. सुलभा म्हणायची, तो मान आहे. मला तो मान नको होता. सगळे त्यांच्या ओट्यावर बसून हसत असायचे आणि मी गेलो की बोलणं सुधारायचं.

घराचं काय करायचं यावर मी त्यांना तासभर सल्ला दिला. पाडा, कॉलम उभे करा, दोन मजले काढा. त्यांनी मान डोलवत सगळं वहीत उतरवून घेतलं आणि बरोबर उलटं केलं. दगडाला रंग लावला नाही, काथ्याच्या ब्रशनं घासून धुतला. चुना महिनाभर हौदात भिजवला आणि सांधे त्यानं भरले. वरच्या खोलीच्या फळ्या एकेक काढून, खडूनं नंबर टाकून, पुन्हा त्याच जागी बसवल्या. भिंतीतल्या घोडे बांधायच्या लोखंडी कड्या तेल लावून तशाच ठेवल्या. गव्हाणीत पुस्तकं लावली. हे सगळं अंगावर बनियन घालून, दोन मजुरांच्या बरोबरीनं, कुठलीही घाई न करता. कुणी लवकर आटपा म्हटलं की ते म्हणायचे, बॉयलरला घाई चालत नाही. समोर बॉयलर नसून दरवाजा असला तरी हेच.

सहा महिन्यांत माझ्या घराकडे बघणं लोकांनी बंद केलं. पाहुणे आले की गल्लीतल्या बायका त्यांना आधी नानांकडे न्यायच्या. एका लग्नाचे फोटो त्या कमानीत काढले गेले. माझ्या टाइल्ससमोर फोटोग्राफर मोटारसायकल लावून गेला. मी त्या माणसाला पाण्यात पाहायला लागलो, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता, असं मी समजत होतो.

त्यातच नानांनी जाहीर केलं की तबेल्याखाली तळघर खणणार. गल्ली हादरली. आमच्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की फाटते. तिच्यात तळघर खणायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. नानांनी रीतसर परवानगी काढली, नकाशा भिंतीवर डकवला. मी सगळ्यांसमोर जरा खवचटपणेच विचारलं की वर एवढी मोठी खोली असताना खाली कशाला जाता.

नाना खडू खिशात ठेवत म्हणाले, "माझे आजे ह्याच पागेत लीद काढायचे, सर. वरचा जिना चढायची त्यांना परवानगी नव्हती. खाली जायला मात्र कुणी नाही म्हटलेलं नाही."

सगळे हसले, नानाही हसले. परवानगी कोण देत होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. पागेचा कारभार मुनीम बघायचे, आणि मुनीम माझे आजोबा होते. मीही पुढे काही विचारलं नाही. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणी ही पागा घेतली असती, तर मी इतका जळलो असतो का, हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारला आहे. येणारं उत्तर मला आवडत नाही.

खणण्याची त्यांची रीत बघायला मी त्यांच्या कमानीबाहेर रेंगाळायचो. भिंतीचा पाया त्यांनी खडूनं चार-चार फुटांच्या तुकड्यांत वाटला आणि त्यावर आकडे घातले. आधी एक, चार आणि सात नंबरखालची माती काढायची, पार मुरूम लागेपर्यंत. तिथून दगडी काम वर आणून जुन्या पायाला भिडवायचं, पंधरा दिवस पाणी मारायचं. मग दोन, पाच, आठ. शेजारचे दोन तुकडे एकदम कधीच उघडायचे नाहीत. कुणाला सांगताना ते म्हणत, माणूस एका पायावर उभा राहू शकतो, दोन्ही उचलले तर पडतो.

आणि बिल्ले. दीपनगरला बॉयलर दुरुस्तीला बंद झाला की माणसं तोंडातून आत उतरत, आणि उतरण्याआधी आपापला बिल्ला दाराशी फळीवर लटकवत. फळी रिकामी झाल्याशिवाय दार लावायचं नाही. एकदा सगळे वर आले तरी एक बिल्ला लटकतच राहिला. नानांनी दार लावू दिलं नाही. साहेब ओरडले, सहा तास सगळी पाळी खोळंबली. शेवटी कळलं, तो गडी बिल्ला विसरून घरी जाऊन जेवून झोपला होता. सहा तास फुकट गेले तेच बरं, असं नाना ही गोष्ट सांगून झाल्यावर म्हणायचे.

तशीच फळी त्यांनी पागेत खाली जाणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी ठोकली. वरच्या ओळीच्या खिळ्यांखाली लिहिलं 'वर', खालच्या ओळीखाली 'खाली'. पत्र्याचे गोल बिल्ले कापून त्यावर नावं ठोकली. मजूर उतरताना आपला बिल्ला वरच्या ओळीतून काढून खालच्या ओळीत लावायचा, वर आला की पुन्हा जागेवर. बघायला येणाऱ्यांनाही सुटका नव्हती. एकदा महापालिकेचे इंजिनिअर घाईत होते, तर नानांनी त्यांना जिन्यावर थांबवून त्यांच्या नावाचा बिल्ला आधी तयार केला. शेवंताअक्का तर बिल्ल्यासाठी हटून बसली. माझ्याही नावाचा एक केला आहे, असं सुलभानं सांगितलं. मी म्हटलं, मला तिथं उतरायचंच नाही.

काम माझ्या भिंतीजवळ येण्याआधी नाना माझ्याकडे आले. कॅलेंडरं उचलून भेगा बघितल्या आणि तिन्ही भेगांवर आडव्या काचेच्या अरुंद पट्ट्या प्लास्टरनं चिकटवल्या. शेजारी पेन्सिलनं तारीख घातली. खणताना भिंत हलली तर आधी काच सांगेल, म्हणाले. भेगेच्या रेघेत सरळ तडकेल, आणि तडकली की त्या क्षणी ते काम थांबवणार होते. मग दर आठवड्याला टॉर्च घेऊन काचा बघायला यायचे, सुलभाच्या हातचा चहा प्यायचे, भिंतीला कान लावायचे. महिना गेला, दीड महिना गेला, काचा अखंड.

एका दुपारी जेवताना सुलभा म्हणाली, "आपण पाडलं नसतं तर आपलंही नानांसारखं झालं असतं, नाही?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट बोललो असतो. ती भांडी आवरून पडली. मी सुपारी कातरत भिंतीसमोर बसलो होतो. मधलं कॅलेंडर वर उचललं. मागे ती काच चकाकत होती. मी अडकित्त्याच्या मुठीनं तिच्यावर एक टोला दिला. फार जोरात नाही.

काच खाली पडली नाही. मधोमध एक ठिपका उमटला आणि त्यातून चारी बाजूंना चिरा फुटल्या. भिंत हलली तर सरळ तडकेल, हे नानांचं बोलणं मला तेव्हा आठवलं. मी कॅलेंडर पुन्हा सोडलं आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेत अर्ज दिला, की शेजारच्या खोदकामानं माझ्या घराला धोका आहे.

काम थांबलं. चौकशी व्हायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे नाना सकाळपासून संध्याकाळपर्यंत खाली खड्ड्यात खुर्ची टाकून बसलेले असायचे. मजुरांना सुट्टी, आणि फळीवर 'खाली' एकच बिल्ला, त्यांचा. मी येता-जाता कमानीतून डोकावून बघायचो. मला वाटलं होतं मजा येईल. काम अडकलंय त्याचं, आणि जेवण जात नव्हतं मला.

चौकशीला तेच इंजिनिअर आले, बिल्ला लावून खाली उतरले आणि वर येऊन मला म्हणाले, "सर, तुमच्या ह्या भिंतीचा पाया चार फुटांवर संपलाय, काळ्या मातीत. मुरूम खाली नऊ फुटांवर आहे. हे गृहस्थ आपल्या भिंतीबरोबर तुमच्या भिंतीखालीही दगड भरत होते. निम्मं झालंय. तुमच्या अर्जामुळे उरलेली भिंत तीन आठवडे लाकडी टेकूंवर उभी आहे."

चार फुटांवर पुरे, असं कंत्राटदाराला मीच सांगितलं होतं. विज्ञानाच्या मास्तराला विचारल्याशिवाय तेव्हा गल्लीत काही होत नव्हतं. सुलभा माझ्याकडे बघत होती, आणि मी रेलिंगकडे बघत होतो.

मग सगळे फुटलेली काच बघायला आत आले. नानांनी कॅलेंडर वर धरलं, टॉर्च लावला, आणि मधल्या ठिपक्यावर बोट टेकवलं. त्या खोलीत आम्ही चौघं होतो. त्यांनी एक वाक्य बोलायचा अवकाश, मी ह्या गल्लीत पुन्हा मान वर करू शकलो नसतो, आणि सुलभासमोर तर मुळीच नाही.

नाना टॉर्च बंद करून म्हणाले, "ही काच मीच नीट बसवली नसेल. बाकीच्या दोन बघा, साहेब. भिंत हललेली नाही."

इंजिनिअरांनी त्या दोन बघितल्या आणि काम सुरू करायला सांगितलं. नानांनी पटाशीनं ती फुटकी पट्टी अलगद सोडवली, रुमालात गुंडाळली, नवी बसवली आणि चहा न घेता गेले. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात पुढे, गल्लीत पुढे, आणि आता चांगुलपणातही हा माणूस माझ्या पुढे. त्यांनी मला तोंडावर खोटारडा म्हटलं असतं तर निदान बरोबरी झाली असती.

तळघर वैशाख पौर्णिमेला उघडलं. कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती ठेवली होती, आणि गल्लीतल्या सगळ्यांना खाली बसवून खीर वाढली. मी पोट बिघडल्याचं सांगितलं. सुलभानं वाटीभर घरी आणली. ती मी उभ्याउभ्या संपवली, आणि चांगली झालेली नाही असं म्हटलं.

आमच्याकडचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. दुपारी माझा स्लॅब असा तापायचा की पंखा गरम हवा खाली ढकलायचा. कूलरनं अंग चिकट व्हायचं, वीज गेली की तोही बंद. आणि भिंतीपलीकडे, दहा फूट खाली, सगळी गल्ली गारव्यात बसलेली. बायका शेवया करायच्या, पापड लाटायच्या, म्हातारे पत्ते खेळायचे. त्यांचं हसणं जमिनीतून मला ऐकू यायचं. सुलभा जेवण झालं की जायची, पाच वाजता यायची, आणि तिच्या पदराला ओल्या दगडाचा वास असायचा. शेवंताअक्कानं एकदा खिडकीतून विचारलं, "सर, तुमी का येतस नही? बठ्ठी गल्ली तठे बठेल शे." मी म्हटलं, सगळी गल्ली तिथं बसू दे, मला वाचायचं असतं. दोन उन्हाळे मी भिजवलेला टॉवेल डोक्यावर घेऊन वाचत बसलो. काय वाचलं ते विचाराल तर सांगता येणार नाही. भिंतीला मात्र त्या दोन उन्हाळ्यांत एकही भेग पडली नाही. कॅलेंडरं मी तशीच राहू दिली.

तिसऱ्या उन्हाळ्यात एकदा सकाळीच वीज गेली. तीनपर्यंत आली नाही. पाणी संपलं, टॉवेल सुकला, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. सुलभाला हाक मारायला म्हणून मी नानांच्या कमानीतून आत गेलो. निदान स्वतःला तसंच सांगितलं.

जिन्याच्या तोंडाशी ती फळी होती. 'खाली'च्या ओळीत बिल्ल्यांची दाटी, हात लागून लागून गुळगुळीत झालेले. 'वर'च्या ओळीत शेवटच्या खिळ्यावर एकच बिल्ला, धुळीनं भरलेला. माझा. मी तो काढला. मागे फळीत बोटभर खाच कोरलेली होती, आणि खाचेत काचेची पट्टी बसवलेली होती. मधोमध ठिपका, चारी बाजूंना चिरा.

दोन वर्षं ती तिथं होती. रोज सगळी गल्ली त्या फळीवरून हात फिरवत होती, आणि माझ्या बिल्ल्यामागे काय आहे ते फक्त मलाच सापडेल, अशी त्या माणसानं सोय केली होती. मी काच उचलून खिशात टाकली. बिल्ला खालच्या ओळीत लावला आणि भिंतीतल्या कडीला धरून उतरलो.

गारवा पायापासून वर चढला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आपापल्या कामाला लागले. सुलभानं पापड लाटता लाटता थोडं सरकून जागा केली. नाना कोपऱ्यात आरामखुर्चीत, डोळे मिटून. पावलं त्यांच्या चांगल्या कानानं ओळखली असावीत. डोळे न उघडता म्हणाले, "बठा, सर. अठे गार शे."

माझ्याशी ते अहिराणीत बोलले ती पहिली वेळ. मी बसलो. माझी पाठ माझ्याच भिंतीच्या पायाला टेकली होती, त्यांनी भरलेल्या दगडाला.

पाचला सगळे उठले. नेमाप्रमाणे नाना सगळ्यांत शेवटी वर यायचे. मी शेवटून दुसरा होतो. फळीजवळ आलो तेव्हा ते खालच्या पायरीवर उभे राहून माझ्याकडे बघत होते. खिशातली काच घरी नेऊन गटारात टाकायची, असं मी ठरवलं होतं. बिल्ला हातात घेतला, आणि मला ते जमलं नाही. काच काढून मी पुन्हा खाचेत बसवली, वरून बिल्ला लटकवला. नानांनी दिवा बंद केला, पायऱ्या चढून आले, आपला बिल्ला माझ्या शेजारच्या खिळ्यावर लावला आणि दुखरा गुडघा धरत अंगणात निघून गेले.

तो उन्हाळा त्यांचा शेवटचा ठरला. थंडीत ते मुलाकडे असताना गेले, त्यामुळे मला आठवतात ते असेच, अंगणाकडे जाताना पाठमोरे.

आता लोक घर बघायला येतात तेव्हा मी त्यांना गव्हाण दाखवतो, कड्या दाखवतो, दगडावरचे खडूचे आकडे दाखवतो. उतरण्याआधी प्रत्येकाला बिल्ला लावायला लावतो, आणि सगळे वर आल्याशिवाय दार लावत नाही. कुणाचा हात वरच्या ओळीतल्या शेवटच्या बिल्ल्याकडे गेला, तर तेवढा राहू द्या, म्हणतो. बिल्ला कुणाचा आहे, असं परवा एका मुलीनं विचारलं. मी म्हटलं, शेजारच्यांचा. दोन वर्षं लागली त्यांना खाली यायला.